पुराचा नकाशा मे महिन्यातच तयार हवा

गोव्याच्या नद्या लांबीने लहान आहेत आणि त्यांच्या पुराचा स्वभाव त्यामुळेच वेगळा आहे. सह्याद्रीचा माथा आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये आपल्याकडे सरळ रेषेत जेमतेम साठेक किलोमीटरचे अंतर आहे. घाटमाथ्यावर रात्रभर धुवाधार पाऊस झाला, तर सकाळी सत्तरी तालुक्यातले ओहोळ दुथडी भरतात, दुपारपर्यंत पाणी वाड्यांत, म्हणजे गावातल्या वस्त्यांत, शिरते आणि पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी ते बव्हंशी ओसरलेले असते. मागे उरतो तो चिखल, भिजलेले धान्य आणि पंचनाम्याची प्रतीक्षा. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांचे पाणी दिवसेंदिवस वस्त्यांत ठाण मांडून होते. अशा ठिकाणी पूर आल्यानंतरही नकाशा काढायला थोडी सवड मिळते. आपल्याकडे ती मिळत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, गोव्यात मदतकार्याला खरोखर उपयोगी पडणारा नकाशा पूर येण्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत, वाड्यावाड्यांत फिरून काढलेला असला पाहिजे आणि प्रत्यक्ष पुराच्या दिवशी त्यात फक्त दोन गोष्टी भरायच्या राहिल्या पाहिजेत: नदीची पातळी आणि बंद झालेले रस्ते.

मी भूगोल शिकवतो. २३ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी या कामात ओढला गेलो. त्या दिवशी म्हादई आणि खांडेपार या नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या ओहोळांनी सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या तालुक्यांत हाहाकार माजवला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असून हजाराच्या आसपास घरांची हानी झाली आहे, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी त्या वेळी सांगितले होते. सत्तरीतला पैकूळचा पूल कोसळला, दूधसागरच्या घाटात दरड येऊन प्रवासी रेल्वेगाडी रुळांवरून घसरली. त्यानंतरच्या दिवसांत मदतीला धावलेल्या अनेकांशी मी बोललो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या हातात कोणता नकाशा होता? बहुतेकांकडे फोनवरचा गूगलचा नकाशा होता आणि गावातल्या कुणाचा तरी मोबाइल क्रमांक होता. दुपारनंतर त्यांच्यातल्या काही जणांच्या फोनला रेंज मिळेनाशी झाली आणि नकाशाही गेला, क्रमांकही गेला. त्यानंतर जे काम झाले ते गावातल्या माणसांच्या ठाऊकपणावर झाले. हा ठाऊकपणा कागदावर उतरवणे, एवढ्याच हेतूने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या नदीकाठच्या वाड्यांत फिरू लागलो.

उपग्रहांबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण ‘आता उपग्रहावरून सगळे दिसते’ हे वाक्य मला प्रत्येक बैठकीत ऐकू येते. पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला गोव्यावर ढगांशिवाय फारसे काही दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह लागतात. युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हे त्या प्रकारचे उपग्रह आहेत. त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही काम करतात, आणि शांत पाण्यावर पडलेली लहर आरशावरून परतावी तशी दुसरीकडे निघून जात असल्याने चित्रात पाणी काळे दिसते. आसाम किंवा उत्तर बिहारमध्ये, जिथे पाणी मैलोन्‌मैल पसरते आणि आठवडेच्या आठवडे राहते, तिथे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने याच पद्धतीने वर्षानुवर्षांच्या चित्रांवरून पूरधोक्याचे नकाशासंग्रह तयार केले आहेत आणि ते मोलाचे आहेत. परंतु सेंटिनेल-१ मालिकेतला एक उपग्रह त्याच जागेवरून त्याच मार्गाने बारा दिवसांनी परत जातो, दोन उपग्रह असले तर सहा दिवसांनी. सत्तरीतला पूर त्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन जाऊ शकतो.

शिवाय चित्र नेमके पुराच्या वेळी मिळाले तरी ते वाचणे सोपे नाही. जुलैत भाताची लावणी झालेली असते आणि शेतांत पाणी उभे असते. रडारला ते शेत आणि पुरात बुडालेले शेत सारखेच काळे दिसते. खाजन जमिनींत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनींत, तर भरतीप्रमाणे पाणी आत-बाहेर होतच असते. घाटाच्या उभ्या उतारांची सावलीही चित्रात काळीच पडते. उलट, पोफळीच्या दाट झापांखाली साचलेले पाणी या लहरींना नीटसे दिसत नाही. त्यामुळे पुराच्या चित्राची तुलना मे महिन्यातल्या कोरड्या चित्राशी केली, तर अर्धा तिसवाडी बुडाल्यासारखा दिसतो. तुलना करायचीच असेल तर ती त्याच पावसाळ्यातल्या, लावणीनंतरच्या आणि भरतीची वेळ जुळणाऱ्या चित्राशी करावी लागते. पूर ओसरल्यावर नुकसानीचा अंदाज घेण्यासाठी, मोठ्या नद्यांच्या खालच्या अंगाला पाणी किती दूर पसरले हे पाहण्यासाठी ही चित्रे उपयोगी आहेत आणि मी ती वापरतो. मात्र बोट कोणत्या वाड्यावर पाठवायची, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

दुसरा आधार असतो तो जमिनीच्या उंचीच्या नकाशांचा. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी आणि भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून बनवलेला, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारा नकाशा, हे दोन्ही कुणालाही वापरता येतात. संगणकावर त्यांच्यावरून प्रत्येक जागा तिच्या जवळच्या ओहोळापेक्षा किती उंच आहे हे काढता येते आणि पाणी इतके मीटर चढले तर कुठवर जाईल याची पहिली रूपरेषा मिळते. अरुंद खोऱ्यांत ही रूपरेषा बरीच जुळते. पण या नकाशांतली एकेक चौकट साधारण तीस मीटरची असते आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते, तर घरात पाणी शिरते की नाही हे ठरते अर्ध्या मीटरवर. त्यातच आपल्याकडची नदीकाठची जमीन कुळागरांनी, म्हणजे पोफळीच्या बागांनी, झाकलेली आहे. उपग्रहाला पोफळीचा शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही. त्यामुळे नदीकाठचे कुळागर संगणकाला दहा-बारा मीटरच्या टेकाडासारखे भासते आणि पाणी त्याला वळसा घालून जाईल असे तो दाखवतो. प्रत्यक्षात पाणी सर्वांत आधी शिरते ते त्याच कुळागरात आणि त्याला लागून असलेल्या घरांत. खाजनांत उलट प्रकार असतो. तिथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खालीच असते. ती कोरडी राहते ती बांधांमुळे आणि त्यांतल्या मानशींच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या मार्गांच्या, दारांमुळे. बांधाला भगदाड पडले तर काय होईल, हे उंचीच्या नकाशाला समजत नाही, कारण दोन-तीन मीटर रुंदीचा बांध त्या तीस मीटरच्या चौकटीत हरवून जातो.

म्हणून आम्ही पुराच्या खुणांकडे वळलो. प्रत्येक नदीकाठच्या घरात पुराची उंची कुणाच्या ना कुणाच्या लक्षात असते, आणि ती बहुधा एखाद्या वस्तूला चिकटलेली असते. डिचोली तालुक्यातल्या एका घरात आजींनी मला सोप्यावरच्या भिंतीतली लाकडी खुंटी दाखवली. “मास्तर, ह्या खुंटीला पाणी टेकलं होतं. वरची छत्री तेवढी सुकी राहिली,” असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच टेपचे टोक धरले. खुंटीपासून सोप्याच्या जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजली. तिथून रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यापर्यंतची उंची मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक, पाणी भरलेली नळी पुरली: एक टोक सोप्यावर, दुसरे मोरीवर, दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की फरक पट्टीने घ्यायचा. मोरीची उंची पुलावरच्या, नदीची पातळी दाखवणाऱ्या पातळीपट्टीशी जोडली की आजींची खुंटी नदीच्या पातळीच्या भाषेत बोलू लागते. या कामाला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घरात बसून चहा घेण्याची तयारी, कारण पुराची आठवण माणसे उभ्याउभ्या सांगत नाहीत.

खुणा गोळा झाल्या की त्यांची पडताळणी करावी लागते. पाणी उताराने वाहते, तेव्हा एकाच पुराच्या खुणा नदीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे क्रमाने उतरत आल्या पाहिजेत. मधलीच एखादी खूण अर्ध्या मीटरने वर असेल, तर एक तर ती दुसऱ्या कोणत्या तरी वर्षीची असते किंवा त्या ठिकाणी पाणी अडले होते. हा दुसरा पर्याय फार महत्त्वाचा आहे. अशा जागी जाऊन पाहिले असता कधी तुंबलेली मोरी सापडली, कधी शेतात नव्याने टाकलेला मातीचा भराव. नदीने बुडवले आणि भरावाने बुडवले यांतला फरक नकाशावर स्पष्ट दिसतो, आणि भरावाने बुडवले असेल तर पुढच्या पावसाआधी काही करता येण्यासारखे असते. या खुणा मात्र टिकत नाहीत. जुलैत पूर येतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चतुर्थी येते. चतुर्थीसाठी घरोघरी भिंती रंगवल्या जातात आणि चिखलाची रेघ त्याखाली जाते. ओसरल्यापासून दोन-चार दिवसांत जाऊन भिंतीवर पेन्सिलने का होईना खूण करून ठेवणे, तिचे छायाचित्र घेणे आणि तारीख लिहिणे, हे प्रत्येक पंचायतीने आपले काम मानावे असे मला कळकळीने वाटते.

पातळीपट्टी हा या सगळ्या रचनेचा कणा आहे. पुलाच्या खांबावर रंगवलेली ती पट्टी जाता-येता सर्वांना दिसते, पण तिच्यावरच्या अंकाचा आपल्या घराशी काय संबंध आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. हवामान खाते चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर त्याला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते आणि त्यासाठी लाल इशारा देते. तो इशारा मात्र ‘उत्तर गोवा’ असा संपूर्ण जिल्ह्याला असतो. हरमलच्या किनाऱ्यावरच्या माणसाला आणि म्हादईच्या काठच्या माणसाला एकच रंग. वाड्यावरच्या माणसाला हवी असते ती वेगळी माहिती: पट्टीवर अमुक अंक आला की आपला रस्ता बंद होतो, त्यापुढे अमुक अंकाला खालच्या घरांत पाणी येते, आणि त्यापुढच्या अंकाला देवळाचा सभामंडपही सुरक्षित राहत नाही. खुणा आणि पट्टी एकमेकींना जोडली की असा तक्ता प्रत्येक वाड्यासाठी बनवता येतो. आमच्या नकाशावर प्रत्येक घराभोवती रंग नसून अंक आहे. तो पट्टीवरचा, त्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागते तेव्हाचा अंक आहे.

हा संबंध दर वेळी सारखा राहत नाही, हेही नकाशावर लिहून ठेवावे लागते. मांडवीला (म्हादईचेच खालच्या अंगाचे नाव) भरती असेल तर वाळवंटी आणि डिचोली नदीचे पाणी उतरायला उशीर लागतो, आणि भरतीची वेळ तर रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. साखळीला वरून अंजुणे धरणाच्या विसर्गाचाही विचार करावा लागतो. बाजारात शिरणारे पाणी थोपवण्यासाठी साखळीत नदीकाठी भिंत आणि पंप आहेत, पण पंप चालले नाहीत तर काय, हा वेगळा नकाशा लागतो. शापोरा नदीच्या खोऱ्यात प्रश्न राज्याच्या सीमेचा आहे. तिळारीचे धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिथून सोडलेल्या पाण्याने आपल्याकडचे साळ, इब्रामपूर या परिसरातले लोक अडकले. आपल्या सरकारी नकाशांत गोव्याची हद्द संपली की पुढे पांढरा कागद असतो. म्हादईच्या उगमाकडची कर्नाटकातली बाजूही तशीच कोरी. नदीच्या नकाशात हद्द संपूर्ण पाणलोटाची असायला हवी, आणि वरच्या राज्यातल्या पर्जन्यमापकाचे व विसर्गाचे आकडे खालच्या वाड्यापर्यंत त्याच क्षणी पोहोचायला हवेत.

आता रस्त्यांकडे येतो, कारण माझ्या मते मदतकार्याचा निम्मा नकाशा हा रस्त्यांचाच असतो. पाणी कुठे आहे हे कळून पुरत नाही. तिथे अजून कोणत्या बाजूने जाता येते हे कळावे लागते. संगणकावर रस्त्यांचे जाळे मांडून एकेक पूल, साकव आणि सखल जागा ‘बंद’ केली, तर अग्निशामक दलाच्या वाळपई आणि डिचोली या केंद्रांपैकी कोणते केंद्र कोणत्या वाड्याला आधी पोहोचेल हे दर वेळी बदलते, आणि काही वाडे असे निघतात की तिथे कोणत्याच केंद्रातून वाहन जाऊ शकत नाही. पैकूळचा पूल गेल्यावर हे कागदावरचे गणित राहिले नाही, तो तिथल्या लोकांचा रोजचा वळसा झाला. अशा वाड्यांची यादी मे महिन्यातच हातात असली तर दोर, बोट, औषधे, प्यायचे पाणी आधीच पलीकडे ठेवता येते. या यादीसाठी पुलाची उंची पाहून चालत नाही. बऱ्याच ठिकाणी पूल स्वतः पाण्याच्या वर राहतो आणि त्याला येऊन मिळणारा जोडरस्ता बुडतो. म्हणून आम्ही जोडरस्त्यावरची सर्वांत सखल जागा शोधतो आणि तिची उंची पट्टीशी जोडतो. लाकडी किंवा लोखंडी साकवांची नोंद सरकारी रस्त्यांच्या नकाशात सहसा नसते, तरी कित्येक वाड्यांची खरी वाट तीच असते. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात असे साकव आणि पायवाटा आपण स्वतः भरू शकतो. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात तिथल्या रहिवाशांनी पाण्याखाली गेलेले रस्ते याच खुल्या नकाशाच्या आधारे नोंदवले होते. आधीपासून रस्ते भरलेले होते म्हणूनच ते शक्य झाले.

रबरी बोट घेऊन जाणाऱ्या जवानांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. त्यांना बोट पाण्यात उतरवायची जागा हवी असते, पण त्याहून अधिक त्यांना पाण्याखाली काय आहे ते हवे असते. कठडा नसलेली विहीर, शौचालयाच्या टाकीचा उघडा खड्डा, चिऱ्यांच्या जुन्या खाणीत साचलेले तळे, कुंपणाची तार, खाली झुकलेली वीजवाहिनी: गढूळ पाण्यात यांतले काहीच दिसत नाही आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. वाड्यातल्या मुलांना प्रत्येक विहीर ठाऊक असते. म्हणून विहिरी नोंदवण्याचे काम आम्ही शाळेतल्या मुलांकडे दिले आणि त्यांनी ते मोठ्यांपेक्षा चोख केले. फोनवर कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनाच्या छोट्या प्रश्नावलीत जागा, छायाचित्र, कठडा आहे की नाही, एवढेच भरायचे असते आणि ते नेटवर्क नसतानाही साठवून ठेवता येते.

पत्त्यांचा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. संकटात तो किरकोळ राहत नाही. ‘केरीत पाणी भरले आहे’ असा फोन आला, तर कोणती केरी? सत्तरीत केरी आहे, फोंड्यात आहे आणि पेडण्यातही आहे. देऊळवाडा, मधलावाडा, खालचावाडा ही नावे तर गावोगावी आहेत. त्यात सरकारी कागदांवरचे रोमन स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे, फलकावरचे देवनागरी नाव वेगळे आणि लोकांच्या तोंडचे त्याहून वेगळे, त्यामुळे संगणकात शोधले तर गाव सापडत नाही. नकाशाबरोबर नावांची सूची हवी, तिच्यात प्रत्येक वाड्याची सगळी प्रचलित रूपे हवीत आणि फोन घेणाऱ्याने तालुका आधी विचारायला हवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे ते आता अक्षांश-रेखांश पाठवतात, पण तिथेही जपावे लागते. साखळीचा अक्षांश सुमारे १५.५६ अंश आहे. बिनतारी यंत्रावर हा आकडा ऐकणाऱ्याने तो १५ अंश ५६ मिनिटे असा लिहून घेतला, तर नकाशावरचे बोट सुमारे चाळीस किलोमीटर उत्तरेला, आंबोलीजवळ जाऊन पडते. दशांश अंश की अंश-मिनिटे, हे सर्व पथकांनी पावसाळ्याआधी एकदाच ठरवून घ्यायला हवे आणि आकडा वाचताना ‘दशांश’ हा शब्द उच्चारायला हवा.

माणसांची नोंद हा सर्वांत नाजूक भाग. अंथरुणाला खिळलेले रुग्ण, डायलिसिसवर असलेले, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध, यांची घरे पथकाला आधी कळायला हवीत. पण ही माहिती उघड्या नकाशावर टाकणे मला मुळीच मान्य नाही. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे राहते हे जगाला सांगणारा नकाशा पुरापेक्षा मोठे संकट ओढवू शकतो. आमच्या रचनेत घरांना क्रमांक आहेत आणि कोणत्या क्रमांकाच्या घराला कोणती मदत लागेल याची वही आशा सेविकेकडे आणि पंचायतीकडे आहे; ती संबंधितांची परवानगी घेऊनच भरली जाते. जनावरांची नोंद मात्र उघड ठेवायला हरकत नाही, आणि ती ठेवलीच पाहिजे. माणसे घर का सोडत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा गोठ्यात असते. गाई-म्हशी बांधायला उंचावरची जागा नकाशावर दाखवली आणि ती आधी जाऊन दाखवून आणली, तर तो माणूस वेळेवर निघतो. निवाऱ्यांचेही तेच. निवारा म्हणून लिहिलेली शाळा किंवा देवस्थानाचे सभागृह स्वतः पुराच्या अंकाखाली येते का, हे पाहिल्याशिवाय ते यादीत घालू नये. काही ठिकाणी ते येते असे आम्हाला आढळले आणि आम्ही ते संबंधितांच्या नजरेस आणले.

हे सगळे संगणकावर कितीही सुबक दिसले तरी पुराच्या दिवशी वीज नसते. म्हणून अंतिम नकाशा कागदावरचा असतो, प्लास्टिकच्या आवरणात घातलेला, एका वाड्याला एक, आणि अक्षरे इतकी मोठी की विजेरीच्या उजेडात वाचता यावीत. एक प्रत पंचायतीत, एक अग्निशामक केंद्रात, एक मामलेदार कचेरीत आणि एक वाड्यातच, पूर न लागणाऱ्या घरात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे आणि त्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. जिल्ह्याचा आराखडाही असतो. त्या आराखड्याच्या परिशिष्टात असे वाड्यांचे नकाशे जोडले गेले, तर सचिव बदलले, मामलेदारांची बदली झाली तरी कागद जागेवर राहील. सध्या तो पुष्कळदा एखाद्या उत्साही माणसाच्या लॅपटॉपवर असतो आणि तो माणूस गेला की तोही जातो.

कागदी नकाशाला तारीख असते आणि ती जुनी होते. नवा पूल झाला, नदीकाठी भिंत आली, शेतात भराव पडला, एखादे घर वर उचलून बांधले, की अंक बदलतात. म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक वाड्याचा नकाशा घेऊन एक फेरी मारायची, तो तिथल्या लोकांसमोर ओट्यावर पसरायचा आणि काय बदलले ते लाल पेनने लिहून घ्यायचे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. यंदा वाळवंटीच्या काठचे वाडे फेरतपासणीला आहेत आणि खांडेपारच्या काठी काम नव्याने सुरू करायचे आहे. तिकडच्या ज्या वाचकांच्या घरी १९८२ च्या किंवा २०२१ च्या पाण्याची खूण अजून भिंतीवर आहे, त्यांनी यंदा भिंत रंगवण्याआधी तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून, छायाचित्र काढून आणि वाड्याचे नाव लिहून ठेवावे. मोजायला मदत हवी असेल तर नळी घेऊन आम्ही येऊ.